खोकल्याची बातमी

१२ जानेवारी

आत्या,

नमस्कार. नऊ वेळा फोन केला, नऊ वेळा नुसता वाजत राहिला. दहाव्यांदा केला असता तर त्या यंत्रालाच माझी दया आली असती. म्हणून हे पत्र. शाळेच्या पेपरात पत्रलेखनाचा प्रश्न मी कायम सोडून द्यायचे, त्याची शिक्षा आता भोगतेय. अक्षराला हसू नकोस.

मागे आले होते तेव्हा तू विचारलंस, की त्या उतारावर जाऊन मी नेमकं करते काय. तेव्हा घाईत होते, आता सांगते. इथे उतारावर चव्वेचाळीस घरं आहेत. एवढ्याशा वस्तीसाठी केबल टाकायला कोणी तयार नाही. म्हणून आम्ही प्रत्येक छपरावर एक डबी बसवली. ही डबी फक्त शेजारच्या छपराशी बोलते. खालच्या दवाखान्यातून वरच्या सुताराकडे निरोप जायचा तर तो छपरावरून छपरावर उड्या मारत जातो. मधे मुख्य कचेरी नाही, कोणी साहेब नाही. दर अर्ध्या मिनिटाने प्रत्येक डबी शेजारणीला सांगते, "माझ्याकडून दवाखाना दोन उड्यांवर, शाळा तीन उड्यांवर." शेजारीण त्यात एक मिळवते आणि पुढच्या डबीला सांगते. पूर्ण नकाशा कोणाकडेच नाही, तरी निरोप बरोबर पोचतो. एखादी डबी बंद पडली तर वळसा घालून जातो. तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजात तू एकटी आजारी पडलीस की सगळं गाव मुकं व्हायचं, तसं इथे होत नाही.

रागावू नकोस. तसं बघितलं तर आपल्या घराण्याचं एक्स्चेंजही तूच होतीस. कोणाला कोणाचं काही हवं असलं की आधी आत्याला फोन. आता तू उचलत नाहीस म्हटल्यावर आम्ही आपापसात विचारून घेतो, आणि चाललंय की झकास! मोठ्या काकांचंच बघ. ते तिकडे टेकडीवर टॉवरखालच्या घरात एकटे, पण बाबांकडून कालच कळलं: ठीक आहेत, जरा खोकला आहे.

फोन का उचलत नाहीस? माझं काही चुकलं का?

तुझी,
भिंगरी


२१ जानेवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, आधी उत्तर घे. फोन बिघडलाय. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतो आणि येत नाही. नवा पाठवायच्या फंदात पडू नकोस, मला त्या गुळगुळीत काचा आवडत नाहीत.

तुझी योजना दोनदा वाचली. कचेरी नाही, साहेब नाही, नकाशा नाही. याला आमच्या वेळी बारभाईचा कारभार म्हणत. अगं, मी एकतीस वर्षं त्या बोर्डापुढे बसले. समोर दोनशे भोकं, हातात दोऱ्या, कानाला तो हेडफोन. नुसत्या 'हॅलो'वरून सांगायचे, घरात भांडण झालंय की पाहुणे आलेत. डॉक्टर घरी नसले तर कोणाकडे पत्ते कुटत बसलेत ते मला ठाऊक असायचं, दोरी थेट त्या घराला लावायची. तुझ्या डबीला हे जमेल? आणि एक सांगते, एकतीस वर्षांत मी कोणालाही 'पुन्हा बोला' म्हणाले नाही. एकदा सांगितलं की झालं. खांबांवर चढून तारा ओढायचा तो दादा, आणि त्या तारांवर बसायची ती मी. लोक म्हणायचे, या भावंडांनी ठरवलं तर अख्खं गाव अबोल्यात जाईल.

दादाचा खोकला अजून गेला नाही हे वाचून जीव टांगणीला लागला. त्या टेकडीवर वारा काय कमी आहे? तुझ्या बाबाला म्हणावं, दादाला कळव, रोज वाफ घे आणि गळ्याला मफलर बांध. मेला ऐकायचा नाही, पण सांगावं.

तुझं काही चुकलेलं नाही. अक्षर मात्र चुकलेलं आहे.

तुझी,
आत्या


९ फेब्रुवारी

आत्या,

आज तुझा विजय आहे, बस आणि वाच.

गेल्या आठवड्यात सुताराच्या डबीची वायर उंदराने कुरतडली. डबी मेली. पण आमच्या पडद्यावर सुतार ठणठणीत! दोन दिवस लोकांनी त्याला निरोप धाडले, खिडकी बसवा, पलंग हलतोय, आणि एकही पोचला नाही. तिसऱ्या दिवशी सुतार स्वतः उतार उतरून आमच्या खोलीत आला, हातोडी हातातच. म्हणाला, "मी आहे की गेलो, हे तुमच्या डब्यांना तरी माहीत आहे का?"

आम्ही शोधत बसलो. आमच्यातले एक जण पूर्वी शाळेत शिकवायचे, त्यांना आम्ही गुरुजी म्हणतो. त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. सुताराचा सख्खा शेजारी न्हावी. न्हाव्याच्या पलीकडे बेकरी. सुताराची डबी मेली तेव्हा न्हाव्याच्या डबीला कळलं, की रस्ता तुटला. तेवढ्यात बेकरीची डबी म्हणाली, "सुतार ना? माझ्याकडून दोन उड्यांवर." आता बेकरीला ही माहिती मुळात न्हाव्यानेच दिलेली! पण न्हाव्याची डबी कुठली विचारायला? तिला वाटलं, बेकरीला दुसरा रस्ता सापडला. ती म्हणाली, "मग माझ्याकडून तीन." हे ऐकून बेकरी म्हणाली, "मग माझ्याकडून चार." असं करत करत आकडा कुठल्या कुठे गेला. दोघी एकमेकींच्या भरवशावर, आणि सुतार अंधारात. चांगली बातमी लगेच पसरते, कोणी गेल्याची बातमी मात्र अशी फिरत राहते, गुरुजी म्हणाले. सगळे हसले, मीही हसले.

मग घरी येताना पायऱ्यांवरच थांबले. मोठ्या काकांचा खोकला आठवला.

बाबांना विचारलं, काकांशी बोललात कधी? म्हणाले, "मी नाही बोललो, पण शिंपीणकाकूने सांगितलं." शिवणकाम करणाऱ्या आपल्या चुलत काकूला विचारलं. ती म्हणाली, "अगं, तूच नाही का सांगितलंस?" खरंच, मीच सांगितलं होतं. बाबांनी मला, मी काकूला, काकूने बाबांना. दर वेळी आम्ही म्हणायचो, वा, ठीक आहेत म्हणजे. आठ महिने तोच एक खोकला घरात गोल फिरतोय, आत्या. आणि काकांच्या नंबरवर फोन केला तर तो नंबर बंद आहे.

सगळ्यात आधी मला सांगितलंस तू. जूनमध्ये, मी तुझ्याकडे आले होते तेव्हा. "दादाचा फोन आला होता, ठीक आहे, जरा खोकला आहे." त्यानंतर तू त्यांच्याशी बोललीस का? नक्की काय म्हणाले होते ते? आठवून लिही, लगेच लिही.

भिंगरी


१६ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

पत्र मिळालं. दादा ठीक आहे. खोकला किरकोळ. थोरांची उलटतपासणी घेणं हे भाचीचं काम नव्हे. तू आपल्या डब्या सांभाळ.

आत्या


१९ फेब्रुवारी

भिंगरी,

परवाचं पत्र फाडून टाक. ते टाकल्यापासून मला घास गोड लागेना. आता खरं लिहिते. एकदा वाच आणि याचा विषय माझ्यासमोर काढू नकोस.

फोन बिघडलेला नाही. मी बिघडले आहे. दीड वर्ष झालं, मला ऐकू येत नाही. समोर बसलेल्याचे ओठ दिसले तर निभावतं, दुकानात बोट दाखवलं की भागतं. फोनवर मात्र नुसती घरघर. जिने जन्मभर कोणाला 'पुन्हा बोला' म्हटलं नाही, तिने आता सगळ्यांना सांगायचं, की मी बहिरी झाले? मला लाज वाटली. म्हणून दुरुस्तीवाल्याचं नाव पुढे केलं. तो बिचारा असा कोणी नाहीच.

जूनमध्ये दादाचा फोन आला. दिवा लुकलुकलेला दिसला, नंबर दादाचा, म्हणून उचलला. तो बोलत होता. बराच वेळ बोलला. नंतर थांबला, म्हणजे काहीतरी विचारलं असणार. मी म्हणाले, "हो, चालेल." पुन्हा थांबला. मी पुन्हा, "हो, चालेल." तिसऱ्यांदाही तेच. मग घरघर बंद झाली, तेव्हा समजलं फोन ठेवला. त्याच आठवड्यात तू आलीस आणि समोर बसून विचारलंस, "काकांचा फोन आला होता का, कसे आहेत?" मी काय सांगणार? म्हटलं, ठीक आहे. पण नुसतं ठीक म्हटलं की खोटं वाटतं. त्यात जरासा खोकला घातला की खरं वाटतं. तेवढा खोकला माझ्या पदरचा.

आणि याच्यावर कडी ऐक. जानेवारीत तुझं पत्र आलं, त्यात तो खोकला होता, तर मीच काळजीत पडले! वाफ घे काय, मफलर बांध काय. माझीच थाप सात महिने गावभर हिंडून माझ्या दारात आली आणि मी तिला पाहुणी समजून चहा पाजला.

हसून झालं असेल तर पुढचं वाच. दादाने काय विचारलं असेल, गं? तो कधी कोणाकडे काही मागत नाही. खांबावरून पडला होता तेव्हासुद्धा स्वतः चालत दवाखान्यात गेला. असा माणूस इतका वेळ बोलला. आजारी असेल. 'मी दवाखान्यात जात नाही आता, चालेल ना?' असं विचारलं असेल, आणि मी म्हणाले असेन, चालेल. तीनदा. रोज डोळ्यांसमोर येतं ते हेच. आता त्याचा नंबरही बंद आहे म्हणतेस.

तुझी,
आत्या


२४ फेब्रुवारी

माझी आत्या,

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी आली. पहिलं फोडून रडले, दुसरं फोडून आणखी रडले, आणि पाहुणीला पाजलेल्या चहापाशी इतकी हसले, की गुरुजी बघायला आले.

तू लाजतेस कशाला? लाजायचं मी. चव्वेचाळीस डब्या दर अर्ध्या मिनिटाने एकमेकींना विचारतात, आहेस का गं? त्या मी बसवल्या. आणि स्वतःच्या काकांना आठ महिन्यांत एकदा विचारलं नाही. का, तर बातमी मिळतेय ना! तू एक थाप मारलीस, पण ती आम्ही तिघांनी मिळून पोसली. आणि तू ओठ वाचतेस हे मला दीड वर्षात दिसलं नाही. मला वाटायचं, आत्या आता माझ्याकडे नीट बघून बोलते, म्हणजे माया वाढली.

डब्यांना आम्ही दोन शिस्ती लावल्या. एक, जिच्याकडून बातमी आली तिलाच ती आपली म्हणून परत सांगायची नाही. दोन, प्रत्येक बातमीवर ती किती हातांतून आली आणि किती जुनी आहे हे लिहायचं. फार फिरली की फेकून द्यायची. सुताराची नवी वायर बसली, त्याने खूश होऊन आमच्या खोलीचं दार घासून दिलं. मग म्हटलं, जे डब्यांना जमतं ते आपल्या माणसांना का जमू नये? बाबांना आणि शिंपीणकाकूला लिहिलं: यापुढे कोणाचीही खुशाली सांगताना 'कोणाकडून कळलं' आणि 'कधी कळलं' हे सांगायचंच. काकू म्हणाली, म्हणजे गप्पांची मजाच गेली!

दोन आठवड्यांनी, शनिवारी रजा मिळतेय. तुझ्याकडे येते, तिथून दोघी मिळून टेकडीवर जाऊ. तोवर धीर धर आणि एकटी निघू नकोस. हे मी बजावून सांगतेय.

तुझी,
भिंगरी


३ मार्च

चि. भिंगरीस,

तू बजावलेलं पत्र मला इथे मिळालं. मी आधीच निघाले होते. जाताना पोस्टमनला सांगून ठेवलं, माझी पत्रं पुढे टेकडीवर पाठव. त्याने तू लिहिलेला पत्ता खोडून इथला घातला आणि पत्र माझ्या मागोमाग आलं. बघ, जुन्या पद्धतीतही वळसा घालून पोचतं. फक्त मधे एक शहाणा माणूस लागतो.

सांगते सगळं. शेवटच्या थांब्यावर बसमधून उतरले तेव्हा बाराचं ऊन होतं. तिथून टॉवरपर्यंत चढ. दर वळणावर वाटे, आता घराला कुलूप दिसणार. कुलूप नव्हतं. दार वाजवलं. आतून कोणी ओ दिली असली तरी मला काय ऐकू येणार? पुन्हा वाजवलं, पुन्हा उभी राहिले. शेवटी पायरीवर बसले. मग नाकाला रंगाचा वास आला. ताज्या रंगाचा. उठून घराच्या मागे गेले.

दादा शिडीवर उभा होता. हातात ब्रश, डोक्यावर कागदाची टोपी, नाकावर निळा ठिपका. मला बघितलं, शिडीवरून सावकाश उतरला, ब्रश डब्यावर आडवा ठेवला, आणि माझ्यासमोर येऊन जे बोलला ते मी त्याच्या ओठांवर स्पष्ट वाचलं:

"नऊ महिने लागतात होय गं यायला?"

त्याने जूनमध्ये काय विचारलं होतं माहीत आहे? "मागची सामानाची खोली रिकामी करतो, तुझ्यासाठी नीट करतो. राहायला येशील का? दोघंही एकेकटे कशाला?" मी म्हणाले, हो, चालेल. त्याला विश्वास बसेना, आपली बहीण इतक्या सहज कशी कबूल झाली! म्हणून दुसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं. तिन्ही वेळा हो. लागला बाबाजी कामाला. छप्पर बदललं, खिडकी मोठी केली. ऑगस्ट गेला, दिवाण तयार, बहिणीचा पत्ता नाही. फोन करावा तर ती उचलत नाही. मग याची बसली खप्पामर्जी! म्हणाला, "ज्या तारेवरून खोटी वचनं येतात ती तार मी घरात ठेवत नाही." आणि फोन काढूनच टाकला. रुसण्यात आपल्या घराण्याचा हात कोणी धरणार नाही. तरी खोलीचं काम थांबवलं नाही हो. रुसून रुसून रंग देत होता.

मग मी त्याला सांगितलं. कानांचं, घरघरीचं, तीन वेळा चालेल म्हटल्याचं, खोकल्याचं आणि तुमच्या तिघांच्या गोल गोल बातमीचं. डोळे भरले त्याचे, मी पहिल्यांदा पाहिले. मग हसायला लागला. इतका हसला, इतका हसला, की हसता हसता त्याला ठसका लागला आणि खोकला काही केल्या थांबेना. पाणी दिलं, पाठ चोळली. म्हणजे भिंगरी, बातमी अगदीच खोटी नव्हती. जरा लवकर निघाली होती, एवढंच.

दुपारी त्याने जुन्या पेटीतून तार काढली. चाळीस वर्षं खांबांवर काढलेला माणूस, हात अजून तसेच चालतात. दाराशी एक बटण बसवलं, माझ्या खोलीत दिवा. कोणी आलं की दिवा लुकलुकतो. स्वयंपाकघरातूनही एक बटण आहे, ते फक्त त्याचं. सकाळपासून चौदा वेळा दाबलं. प्रत्येक वेळी धावत गेले तर म्हणतो, काही नाही, चालतंय का बघत होतो.

तुझ्या नव्या शिस्तीप्रमाणे तुझ्या बाबाला आणि शिंपीणकाकूला एकेक कार्ड टाकलं आहे. तुझंही इथेच लिहिते:

दादा: ठीक आहे. कोणाकडून कळलं: माझ्या डोळ्यांकडून. कधी: आत्ता, समोर बसलाय. मधे हात किती: एकही नाही. खोकला: आहे. हसण्याचा.

ठरलेल्या शनिवारी ये. माझ्या घरी नको, थेट इकडे. पत्र टाकायचं तेही याच पत्त्यावर. कारण काल संध्याकाळी दादाने भिंतीवरची पाटी काढली, खडूने तोच जूनमधला प्रश्न मोठ्या अक्षरात लिहिला आणि माझ्यासमोर धरली. आता राहतेस का, की आणखी नऊ महिने विचार करतेस? मी चष्मा लावला. शब्द न् शब्द वाचला, दोनदा वाचला. आणि म्हणाले, हो, चालेल.

तुझी,
आत्या